बाईंच्या पातेल्याचा नळ

सुकदेव डाइंग मिलमधला जुना फिटर. त्याला आपल्या हाताचा भारी गर्व, हे सुरतेतल्या अख्ख्या लिंबायत वस्तीला ठाऊक होतं. दुसऱ्या कोणी पाईप जोडला तरी हा जाता जाता बोटानं चाचपून बघायचा आणि नाक मुरडायचा. त्याच्या मुलीला, वर्षाला, दहावीपर्यंत शिकवलेल्या माधवीबाईंनी एका नळासाठी बोलावलं, तेव्हा हा पठ्ठ्या रविवारी सकाळीच भेस्तानला त्यांच्या घरी हजर झाला.

बाईंना निवृत्तीनंतर कोम्बुचाचं वेड लागलं होतं. गोड चहा आठ-दहा दिवस आंबवायचा आणि थंड करून प्यायचा. घरी काही आंबवतात म्हटलं की दारूबंदीच्या सुरतेत लोक आधी आजूबाजूला बघतात, पण हा बापडा चहाच होता आणि शेजारची तीन घरं तो आवडीनं मागून नेत होती. स्टीलच्या पातेल्याला खाली नळ हवा होता. आंबट पेय पितळेला खातं, नळ आतूनही स्टीलचाच हवा, असं बाईंनी कुठंतरी वाचलं होतं. सुकदेवानं पिशवीतून चकचकीत नळ काढल्यावर त्यांनी पुन्हा विचारलं, हा नक्की स्टीलचाच ना?

हे दुसऱ्यांदा विचारणं सुकदेवाला झोंबलं. तीस वर्षं पाईपांत घातली, आणि आता शाळेतल्या बाई धातू शिकवणार! त्यानं खिशातलं लोहचुंबक काढून नळाला लावलं. ते चिकटलं नाही.

"बघा बाई, चांगल्या स्टीलला चुंबक धरत नाही," तो म्हणाला.

बाईंनी मान डोलावली. चुंबक पितळेलाही धरत नाही, हे त्यांना माहीत नव्हतं. सुकदेवाला होतं, आणि त्या क्षणी आठवलंही होतं. आतल्या बाजूनं एकदा कानस फिरवली असती तर काय ते दिसलं असतं. पण कानस काढायची म्हणजे बाईंची शंका मानायची, आणि ते त्याच्या जिवावर आलं. त्यानं नळ बसवून टाकला. तसलाच दुसरा आपल्या घरच्या पाण्याच्या पिंपाला लावला.

महिन्याभरानं वर्षानं सांगितलं, बाईंनी कोम्बुचा बंद केला. त्यांना आणि शेजाऱ्यांना मळमळत होतं, तोंडाला कसलीतरी चव येत होती. आपल्याच हातून स्वच्छतेत काही राहिलं असं बाईंनी धरलं होतं. सुकदेव हसला आणि म्हणाला, पुस्तकं वाचून असलं करायला गेलं की असंच व्हायचं.

दोन दिवसांनी त्याची बायको शोभाबाई पिंपाचा नळ तारेच्या घासणीनं घासत होती. तिनं नवऱ्याला हाक मारली.

"हाऊ तं पितळना शे," ती म्हणाली. चकाकी निघाली होती आणि खाली पिवळं पितळ दिसत होतं. सुकदेवाला बाईंचा नळ आठवला. त्या दिवशी त्याला जेवण गेलं नाही. बायकोनं कारण विचारलं तर तिच्याकडे बघायचीही त्याला लाज वाटत होती.

दुकानात पहिल्यांदाच त्यानं नळावर कानस फिरवून बघितली आणि खरा स्टीलचा घेतला. गुपचूप बदलून यायचं, असं त्यानं ठरवलं होतं. तो भेस्तानला पोचला तेव्हा बाईंनी चहा ठेवला. पातेलं कोपऱ्यात पालथं घातलेलं होतं.

"माझंच कुठंतरी चुकलं, सुकदेवभाऊ. तुमचं काम मात्र चोख होतं," बाई म्हणाल्या.

हे ऐकून त्याला धरणी पोटात घेईल तर बरं असं झालं. त्यानं सगळं सांगून टाकलं. बाईंनी विचारलं,

"चुंबक पितळेलाही धरत नाही, हे तुम्हाला तेव्हा माहीत होतं?"

"होतं."

त्या रागावल्या असत्या तर त्याला सोपं गेलं असतं. त्या एवढंच म्हणाल्या, की त्या तीनही घरी जाऊन माफी मागून आल्या होत्या, आणि आता सगळ्यांनी डॉक्टरांना दाखवायला हवं. सुकदेव उठला. मीच सांगतो, म्हणाला.

पहिल्या घराची बेल त्यानं दाबली. दार उघडणाऱ्या म्हाताऱ्या गृहस्थांनी चष्म्यावरून बघत विचारलं, आपण कोण?

सुकदेवाच्या तोंडी फिटर हा शब्द आला आणि त्यानं तो गिळला.

"बाईंच्या पातेल्याला खोटं सांगून पितळेचा नळ लावला," तो म्हणाला, "तो माणूस मी."