हात मांडीवर

"हात मागे घ्या," मुकादमीण म्हणाली.

शर्टाच्या बटणाला लागलेला हात सिस्टरने चटका बसल्यासारखा मागे घेतला. पलंगाच्या कडेवर बसलेले शिंपीआजोबा एकदा हिच्याकडे, एकदा तिच्याकडे बघत राहिले. शर्ट तसाच उघडा.

मुकादमीण म्हणजे वृद्धाश्रमाच्या त्या मजल्यावरची मुख्य बाई. हे नाव सिस्टरनेच तिला मनातल्या मनात ठेवलं होतं. आणि सिस्टर तरी कसली सिस्टर? आपल्या देशात ती इस्पितळात खरोखरची सिस्टर होती. इथे ते शिक्षण कुणी धरत नव्हतं, म्हणून ती मदतनीस झाली. अंघोळी घालायच्या, चादरी बदलायच्या, कपडे चढवायचे. 'सिस्टर' ही हाक उरली ती फक्त खालच्या स्वयंपाकघरात काम करणाऱ्या, तिच्याच भाषेतल्या मामांच्या तोंडी.

"तुम्ही यांचं सगळंच करता," मुकादमीण म्हणाली. आवाजात राग नव्हता, हेच जास्त लागलं. "आजारातून उठल्यावर हे हळूहळू स्वतःच्या हातानं जेवायला लागले होते. आता तुम्ही दिसलात की नुसता आ करून बसतात. उद्या सकाळी मी येईन. शर्ट ते स्वतः घालतील, तुम्ही फक्त जवळ बसायचं. तेवढं जमलं तर तुम्हाला कायम करू."

नाही जमलं तर काय, ते तिने सांगितलं नाही. सांगायची गरजही नव्हती. नवरा गेल्यावर सिस्टर लेकीला धाकट्या बहिणीच्या पदरात टाकून इथे आली होती. नोकरी कायम झाली तरच लेकीला आणता येणार होतं. नाहीतर गाशा गुंडाळायचा.

दुपारी ती मामांपुढे जाऊन बसली.

"मामा, काम केलं म्हणून बोलणी खाणारी जगात मीच पहिली असेन."

"अगं, इथली रीतच उलटी," मामा भांडी विसळता विसळता म्हणाले. "आपल्याकडे म्हातारा स्वतः शर्ट घालायला धडपडला, तर लोक सुनेला नावं ठेवतात. इथं सुनेनं घातला, तर म्हाताऱ्याला कमीपणा."

"सासूबाईंना शेवटपर्यंत मीच भरवलं हो. हे हात ऐकतच नाहीत माझे."

"मग त्यांच्यावर बस!" मामा म्हणाले आणि आपल्याच विनोदावर खो खो हसले.

सकाळी शिंपीआजोबा नेहमीसारखे छाती पुढे काढून तयार बसले. सिस्टरने बाह्या तेवढ्या सरळ केल्या, शर्ट त्यांच्या मांडीवर ठेवला आणि समोर खुर्ची ओढली.

"काय गं पोरी, रागावलीस माझ्यावर?"

म्हाताऱ्याचा चेहरा पार उतरला होता. खोटं बोलणं तिला जमेना.

"नाही हो आजोबा. माझी नोकरी आज तुमच्या बटणांवर टांगलीय."

"असं होय!" आजोबा म्हणाले. "मग आधी सांगायचं नाही का?"

तेवढ्यात मुकादमीण दारात येऊन उभी राहिली. आजोबांनी उजव्या हाताने लुळा डावा हात बाहीत घातला. मग दुसरी बाही. पहिलं बटण लागलं. दुसरं निसटलं, परत निसटलं. सिस्टरचे हात उठले, तशी तिने ते झटकन मांडीखाली दाबून धरले. मामांनी थट्टेत सांगितलेलं तिने खरंच केलं. बाळंतिणीच्या खोलीबाहेर उभं राहावं तशी ती जीव मुठीत धरून बसली होती.

अखेर सगळी बटणं लागली. फक्त एक घर चुकलं होतं आणि शर्टाचं एक टोक वर, एक खाली लोंबत होतं.

"छान! पुरे," मुकादमीण म्हणाली.

आजोबांनी खाली वाकून पाहिलं. "पुरे काय? मी शिंपी आहे, बाई. असा शर्ट घालून मी चारचौघांत जायचा नाही." आणि त्यांनी एकेक करून सगळी बटणं सोडली.

पुन्हा पहिल्यापासून. या खेपेला मुकादमीणसुद्धा दाराला टेकून बघत उभी राहिली. शेवटचं बटण घरात बसलं तेव्हा सिस्टरच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं.

"रडायला काय झालं? लागली ना तुझी नोकरी?" आजोबा म्हणाले. लागली होती. मुकादमिणीने जाता जाता तसं सांगितलं.

सुट्टी झाल्याझाल्या तिने खोलीवर येऊन फोन लावला. पडद्यावर लेक आली, हातात कंगवा, केस मोकळे.

"अगं, मी कायम झाले! तुला न्यायला येतेय मी!"

लेक एवढ्या मोठ्याने ओरडली, की मागून बहीण धावत आली. दोघींचं हसणं-रडणं एकत्रच झालं. लेक आली की रोज सकाळी तिला पुढ्यात घेऊन वेणी घालायची, एवढंच सिस्टर इतके दिवस मनात घोळवत होती.

"इकडे आलीस ना, की मी तुझी मस्त..."

"थांब गं आई, आधी माझी वेणी होऊ दे. माझी मीच घालते आता."

"कुणाला हात लावू देत नाही महाराणी," बहीण कौतुकाने म्हणाली.

लेकीने केसांचे तीन पेड केले. डावीकडची एक मोठी बट बाहेरच राहिली होती. ते सांगायला सिस्टरने तोंड उघडलं आणि मिटलं. फोन तिने भिंतीला टेकवून उभा केला, आणि दोन्ही हात मांडीवर ठेवून लेकीची वेणी पुरी होईपर्यंत बघत बसली.