गुदगुलीबुवांची टोपली

मित्रांनो, मी आहे एक जुनी टोपली. वेताची, आणि तीही केराची. नाक मुरडू नका. माझ्या पोटात जितक्या कविता गेल्या, तितक्या एखाद्या कपाटातही सापडायच्या नाहीत.

मला विणणारा कारागीर हाताने सावकाश आणि तोंडाने फटकळ होता. विणून झाल्यावर त्याने माझ्यात मूठभर तांदूळ ओतले, मला गदागदा हलवलं आणि समोरच्या बाईंना म्हणाला, "बघा, दाणा सांडत नाही!" बाईंनी मला तिथेच पसंत केलं. मी अगदी फुशारून गेले.

बाईंचे यजमान विनोदी कवी होते. गल्लीत त्यांना सगळे गुदगुलीबुवा म्हणत. एका साप्ताहिकाच्या शेवटच्या पानावर त्यांची छोटी कविता येई आणि लोक अंक मागूनच उघडत. त्यांच्या या दोन ओळी तर पोरासोरांनाही पाठ होत्या:

वजनकाटा घरी आणला, मोठी झाली चूक;
खोटं बोलत नाही मेला, मारतो खरी भूक.

त्या घरात एक रिवाज होता. बुवा टेबलाशी बसत, मी त्यांच्या पायाशी. समोरच्या दारातून स्वयंपाकघरातल्या बाई दिसत. कविता झाली की बुवा ती मोठ्याने वाचत आणि शेवटची ओळ संपली की चष्मा काढून ठेवत. बाई हसल्या तर कविता साप्ताहिकाकडे जाई. नाही हसल्या तर तिचा बोळा होऊन माझ्यात पडे.

"अगं, एवढंसुद्धा हसू नाही?" बुवा विचारत.

"नाही हो. शिळी वाटली."

शनिवारी मला रिकामी करताना मात्र बाई एकेक बोळा उलगडून वाचत आणि गालातल्या गालात हसत. "ही तशी बरी होती," त्या मला म्हणत, "पण लगेच सांगितलं तर डोक्यावर बसतील." ते माझे सुखाचे दिवस होते.

पुढे माझ्यात बोळे पडेनासे झाले. बाई प्रत्येक कवितेला हसू लागल्या. बुवांना वाटलं, आपला हात आता पक्का बसला. साप्ताहिकाचे संपादक म्हणाले, "अलीकडे जरा फिके पडताय," तर बुवा उसळून म्हणाले, "घरी तर हसून हसून पुरेवाट होते!"

खरं काय ते मला ठाऊक होतं. एकदा बुवांनी वाचता वाचता मध्येच काच पुसायला चष्मा काढला आणि बाई खळखळून हसल्या. विनोद अजून यायचा होता! बाईंना ऐकू येत नव्हतं, मित्रांनो. पण मी पडले टोपली. सांगणार कशी?

मग त्यांच्या लग्नाला चाळीस वर्षं झाली. त्या सकाळी बुवांनी यमक जुळवलंच नाही. सरळ, साध्या ओळी लिहिल्या आणि उभं राहून वाचल्या. शेवटी डोळे भरून आले म्हणून त्यांनी चष्मा काढला.

बाई तोंडावर हात ठेवून हसल्या.

बुवांनी कागद चुरगाळला. "बरोबर आहे," ते पुटपुटले, "माझ्या तोंडून हेही गमतीचंच वाटणार." कित्येक महिन्यांनी माझ्यात एक बोळा पडला.

दुसऱ्या दिवशी मुलगी माहेरी आली. ती भारी नीटनेटकी. आल्या आल्या तिने सगळा केर बाहेर नेऊन टाकला. मग पाठीमागून "आई, आई" अशा तीन हाका मारल्या, आणि आईने वळूनही पाहिलं नाही. दुपारी त्या दोघी डॉक्टरांकडे जाऊन आल्या, तेव्हा बाईंच्या कानात छोटं यंत्र होतं.

"म्हणजे तू हसायचीस ते?" बुवांनी विचारलं.

"तुम्ही चष्मा काढलात की कळायचं, आता हसायचं. तुमचा हिरमोड कसा करू हो?"

बुवा धावत माझ्याकडे आले. त्यांनी मला उलटं करून झटकलं. "ही कोणी रिकामी केली?"

"मीच, बाबा. एकच तर बोळा होता."

"काय होतं त्यात?" बाईंनी विचारलं.

बोलायचं ते तेव्हाच बोलायचं होतं. पण जन्माची खोड! "काही नाही गं," बुवा म्हणाले, "एक शिळा विनोद होता."

"मग गेला ते बरंच झालं," बाई म्हणाल्या आणि हसल्या. या वेळी त्यांना सगळं नीट ऐकू आलं होतं.

बुवांनी ती कविता पुन्हा लिहायचा फार प्रयत्न केला. यमक नसल्यामुळे ती आठवेना, आणि यमक आलं की तिची गंमत होऊन जाई.

आता बुवा नाहीत. बाई मुलीकडे असतात आणि मी तिथल्या गॅलरीत कपड्यांचे चिमटे सांभाळते. रोज बाईंचा हात माझ्यात येतो. मला ती कविता पाठ आहे:

तू हसत नाहीस त्या दिवसाला मी भितो.
तू नसशील त्या दिवसाचा विचारच करत नाही.

मित्रांनो, कागद फेकण्याआधी एकदा उलगडून बघा. आणि कुणाला मनातलं सांगायचं असेल तर जवळ जाऊन सांगा. नाही कळलं तर पुन्हा सांगा.

दाणाही सांडत नाही म्हणून माझं कौतुक झालं होतं. एखादी वीण सैल असती, तो एक बोळा गळून जमिनीवर पडला असता, तर केर काढताना बाईंनी तो उचलून वाचला असता.