फोटोची कापलेली बाजू

प्रकाशनगृहाच्या वरच्या मजल्यावर मुद्रिते तपासणारा तो तिशीतला माणूस दिवसभरात जेमतेम दहा वाक्ये बोलत असे, आणि त्यांतली सहा स्वल्पविरामांविषयी असत. आत्या त्याला मौनीबाबा म्हणे. तिथे काम अजून जुन्या रीतीने चाले: एकाने मोठ्याने वाचायचे, दुसऱ्याने पानावर पेन फिरवायचे. वाचणारा रजेवर गेला, तेव्हा शाळेतून निवृत्त झालेली खणखणीत आवाजाची आत्या हक्काने त्याच्या खुर्चीत येऊन बसली.

पुस्तक होते शहराला पडलेल्या वेढ्याचे. सेनापती त्यात थोडेच होते. पाणी वाहणारे, जखमा बांधणारे, खंदक खणणारेच फार. मजकुराच्या पानांचा शेवटचा फर्मा चार वाजता छापखान्यात जायचा होता.

"पान दोनशे चौदा," आत्या वाचू लागली. "'शहराभोवती खंदक खणणारे तरुण.' तरुण? अरे मौनीबाबा, यातला मधला तरुण मी आहे!"

त्याने पेन उचललेसुद्धा नाही. ही गोष्ट घरात सगळ्यांना पाठ होती. घरटी एक पुरुष खणायला धाडायचा हुकूम होता. त्याचे वडील तापाने फणफणलेले, म्हणून सोळा वर्षांच्या आत्याने वेणी टोपीत कोंबली, भावाची विजार चढवली आणि अकरा दिवस खंदक खणला. वडील मात्र छातीठोकपणे सांगत, "मीच खणला. हजेरीपटात नाव आहे माझं." आत्याने तोंड उघडले की पोरेटोरे ओरडत, "सुटली तोफ!" त्या हसण्यात लहानपणी तोही सामील असे.

आता त्याने फोटोकडे नीट पाहिले. मधल्या आकृतीचा अर्धा चेहरा टोपीच्या सावलीत होता. विजारीला तीन दुमडी होत्या. आणि तोंड एवढे मोठे उघडून हसणारे घरात एकच माणूस होते.

खाली जाऊन बाईंशी बोलायचे? पुस्तक लिहिणाऱ्या त्या इतिहासकार बाई कागदाशिवाय कुणाला वाऱ्यालाही उभे करत नसत. पण साठ वर्षे हसण्यावारी गेलेली एक खरी गोष्ट चार वाजता छापून कायमची खोटी ठरणार होती. तो उठला आणि आत्याला घेऊन खाली गेला.

"हजेरीपटात तुमच्या वडिलांचं नाव आहे," बाई म्हणाल्या. "कागद खोटा कसा म्हणू?"

"खोटा नाहीच हो बाई," आत्या म्हणाली. "नाव त्याचं, फावडं माझं."

"पटतंय, पण पुरावा?"

आत्या गप्प झाली. आत्याला गप्प झालेली त्याने आयुष्यात प्रथमच पाहिली, आणि ते त्याला सोसवेना.

"बाई," आपलाच आवाज त्याला परका वाटला, "या फोटोची डावी बाजू आपण कापलीय. कुणाचं तरी कोपर कशावर तरी टेकलंय, ते 'कशावर' पानात नाही. मूळ फोटो मीही पाहिलेला नाही. तिला विचारा ना, तिथं काय होतं."

बाईंच्या भुवया वर चढल्या. आत्याने डोळे मिटले.

"डावीकडे... अगं बाई, मशीन! शिलाईचं मशीन! आमचा शेजारी शिंपी. घरावर गोळा पडला तर मशीन जाईल म्हणून रोज हातगाडीवर घालून खंदकावर आणायचा. आम्ही म्हणायचो, लाव बाबा त्याचीही हजेरी! सगळ्यांचे कोट त्याच्यावरच टांगलेले असायचे."

बाईंनी कपाटातून पाकीट काढले, फोटो बाहेर ओढला आणि बघतच राहिल्या. मग टेबलावर हात आपटून त्या खदखदून हसल्या.

"महिनाभर डोकं खाजवतेय मी, खंदकावर शिलाईचं मशीन कशाला! अर्थ लागेना म्हणून कापूनच टाकलं!"

फोटो आता पूर्ण छापायचे ठरले. बाईंनी खालची ओळ स्वतःच्या हाताने बदलली आणि आत्याचे नाव आडनावासकट लिहिले.

"ठळक अक्षरांत?" आत्याने विचारले.

"बाकीच्यांइतक्याच," बाई म्हणाल्या. "पण मधोमध."

चाराला दहा कमी असताना फर्मा गेला. आत्याने लगेच भावाला फोन लावला. "दादा, पकडला गेलास बरं का!" सगळे ऐकून पलीकडून आवाज आला, "ताप एकशे तीन होता गं. मला आपलं रात्रभर खणल्यासारखंच वाटायचं."

"मग घाम तुझा, खंदक माझा!" म्हणत आत्या फोन ठेवून घरी गेली, जिना दणाणवत.

तो पुन्हा एकटा उरला. खिडकीतले ऊन उतरले होते. तिची रिकामी खुर्ची पाहून त्याला उगीचच हुरहूर लागली. पुस्तकाच्या शेवटची सूची तेवढी उद्या जायची होती. त्याने आत्याचे नाव आद्याक्षराच्या जागी बसवले, पुढे २१४ लिहिले. मग पेन क्षणभर अडखळले, आणि कुणालाही न विचारता त्याने आणखी एक नोंद घातली: 'शिलाई मशीन, खंदकावर रोज हजर: २१४.'

ती वाचून त्याला हसू फुटले. आधी ओठांतल्या ओठांत, मग आवरेचना. तोंड चांगले मोठे उघडून तो हसू लागला.

खालून बाईंचा आवाज आला, "आत्याबाई, परत आलात का?"