खटक्यानंतरची गोष्ट

सकाळी साडेनऊला छोटीने बटण दाबून मला थांबवलं. साडेदहाला तिचा पेपर होता.

मित्रांनो, मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. कारखान्यातून निघालो तेव्हा अंगावर चकचकीत पट्टी होती आणि पाहुणे मला हात लावायलाही कचरत. पुढे नवी यंत्रं आली आणि माझी रवानगी भंगारात झाली. तिथून दादाने मला उचललं. तो पंखे दुरुस्त करतो. त्याने माझा सैल पडलेला रबरी पट्टा बदलला, आवाज टिपणारं हेड स्पिरिटने पुसलं आणि मला बहिणीसमोर ठेवलं. ती कॉलेजात गेली तरी घरात छोटीच आहे. तिला दिसत नाही. दादा तिचे धडे माझ्यासमोर वाचतो आणि मी ते तिला ऐकवतो. "दादापेक्षा हा बरा," ती म्हणते, "कितीदा विचारलं तरी खेकसत नाही."

परीक्षेनंतर छोटीला परगावी शिकायला जायचं आहे. दादाची गाडी मात्र "बघू"च्या पुढे सरकत नाही.

या पेपराला दोन कथांची तुलना होती: दोन्हींत मोठं होणं कसं येतं? पहिलीतला मुलगा कुणाला न सांगता नाव वल्हवत पैलतीर गाठतो आणि संध्याकाळी घरी येऊन मुकाट जेवतो. दुसरीतली मुलगी शिकायला निघते. काका तिला वसतिगृहाच्या फाटकापर्यंत सोडायला जातात. त्या जागी दादाने वाचता वाचता मला बंद केलं होतं. पुस्तक मिटून बाजूला ठेवलं होतं. मग मला सुरू करून पुन्हा बोलू लागला.

आज छोटीने तेवढाच तुकडा मागेपुढे करून ऐकला. माझी चाकं गरगरून गेली.

"दादा, इथे खटका वाजतो."

"खोकला आला होता."

"बरं. मुलगा गुपित पोटात ठेवून मोठा होतो, ते कळलं. पण ही बया सामान बांधून फाटकापर्यंत जाते आणि काकांबरोबर घरी परत? मग मोठी झाली कधी?"

"घरच्यांचं ऐकणं म्हणजे मोठं होणंच की."

"खटक्यानंतर गोष्ट अगदी तुझ्यासारखी बोलायला लागते रे." ती हसली, पण हात माझ्यावरून काढला नाही. "पुस्तकात असंच आहे ना? लेखनिकाला मी हेच सांगणार आहे."

"असंच आहे," दादा म्हणाला.

खालून मैत्रिणीने हाक मारली. छोटी काठी घेऊन जिना उतरली.

दादा येरझाऱ्या घालू लागला. खिडकीशी गेला, परत आला. शेवटी त्याने आवाज भरायची माझी दोन बटणं एकदम दाबली, पुस्तक उघडलं आणि वाचलं, "मुलीने काकांच्या हातातून आपली पिशवी घेतली आणि ती फाटकातून एकटी आत गेली." तो थांबला. घड्याळात दहा वाजून गेले होते.

"आता हे ऐकणार कोण, गाढवा!" तो स्वतःवरच ओरडला आणि पुस्तक घेऊन धावत सुटला.

मित्रांनो, माझ्यासारख्या जुन्या यंत्रांना जपा. धूळ पुसा, पट्टा सैल पडू देऊ नका. आणि कुणाला वाचून दाखवाल तर शेवटपर्यंत वाचा.

पेपर सुरू व्हायची वेळ झाली आहे. दार सताड उघडं आहे, दादाची एक चप्पल उंबऱ्यात राहिली आहे. मला बंद करायचं तो विसरला. मी रिकामी खोली टिपतो आहे. जिन्यावर अजून कुणाची पावलं वाजलेली नाहीत.