गरम झाली की बोंबलणारी गाडी

धोंडुबाईची पिकअप सरळ चालली तर मुकाट असायची. चाक वळवलं की मात्र बॉनेटखालून असा आवाज यायचा, जणू कुणी रेडकाचं मुंडकं पिरगाळतंय. शिवाजी पेठेतल्या अरुंद गल्ल्या, त्यात दुधाचा रतीब. वळल्याबिगर भागतंय कुठं? माणसं दारात येऊन बघायची. गाडी चालवणारी सून अनुजा शरमून मान खाली घालायची आणि शेजारी बसलेली धोंडुबाई तिला कोपरानं ढोसायची, "मान वर कर. आपण दूध घालतोय, चोरी न्हाय."

फुटबॉल खेळताना धोंडुबाईच्या लेकाचा, म्हणजे अनुजाचा नवरा सम्राटचा पाय मोडला, तो प्लास्टर घालून पडला, तेव्हापासून गाडी अनुजाच्या हातात होती. चावी धोंडुबाईनंच दिली होती. आणि नेमका त्यानंतरच हा आवाज सुरू झाला. धोंडुबाईचा धाकटा दीर हंबीरराव टपलेलाच होता.

"वैनी, बाईच्या हातात गाडी दिली की असंच हुतंय. ही पोरगी स्टेरिंग पार शेवटपतूर वळवती आणि तसंच दाबून धरती. स्टेरिंगचा पंप खाल्ला तिनं. चावी आमच्या उदयसिंहाकडं द्या."

"देती की. पर पहाटं त्याला उठवायचं कुणी, भावजी? तुमी का मी?"

धोंडुबाईला पुरतं ठाऊक होतं. चावी एकदा पुतण्याच्या खिशात गेली की परत येत नाही. मग रतीब त्याचा, आणि अनुजा जन्मभर गोठ्यात. तिनं पदर खोचला.

"कामिलच्या ग्यारेजात चला. तुमीबी चला, भावजी. पंप हिनं खाल्ला असंल तर चावी तुमची. न्हाय तर हा विषय पुन्यांदा माझ्या उंबऱ्याच्या आत आणायचा न्हाय."

अनुजानं सासूकडं बघितलं. तिच्या जिवावर एवढी पैज, आणि तिलाच विचारलं नव्हतं!

कामिल पेठेतला जुना मिस्त्री. त्याच्यापुढं दुसरी गाडी उघडलेली होती; पाळी येईपर्यंत पिकअप थंडगार पडली. त्यानं बॉनेट उघडलं, पंप फिरवणारा पट्टा दाबून बघितला, ताठ होता. स्टेरिंगच्या तेलाची टाकी भरलेली होती. अनुजानं इंजिन चालू करून चाक इकडून तिकडं फिरवलं. गाडी गप्प.

"काकी, आवाज तर न्हाय," कामिल म्हणाला. "पंप खोलूनच बघायला लागंल."

"खोला, खोला!" हंबीरराव पुढं सरसावला.

"हात लावू नगंस, कामिल!" धोंडुबाई कडाडली. "गार पडल्याली गाडी काय बोलणार? म्हस पान्हावल्याबिगर सडाला हात लावून दूध मोजतोस व्हय? आधी तापव तिला. अनुजा, रंकाळ्याला वळसा मारून ये. जा."

अनुजा वळसा मारून परत आली, तर गाडी गल्लीच्या तोंडापासूनच बोंबलत होती. कामिलनं इंजिन बंद करू दिलं नाही. टाकीचं झाकण काढलं, तर तेलावर ताकासारखा फेस. त्यानं टाकीखाली बॅटरी मारली.

"ताई, रेस द्या आणि चाक वळवा."

टाकीतून पंपाकडं जाणारी नळी तेल ओढताना गप्पकन चपटी झाली. रेस कमी केली की फुगली. पुन्हा रेस, पुन्हा चपटी.

"हे बगा!" कामिल हरखला. "तापली की नळी मऊ पडतीया आणि बसतीया. तेल पुरं जात न्हाय, वर ढिल्या तोंडातनं हवा वढतीया. पंप उपाशीपोटी वरडतोय, काकी. पर ही नळी तेलाची न्हवंच. कुणी घातली?"

हंबीररावानं लगेच अनुजाकडं बोट केलं. "ईचारा हिला!"

धोंडुबाई वाकून बघत होती. काळीमिट्ट झालेली ती नळी तिनं बोटानं पुसली आणि तिला बेंदूर आठवला. सणाच्या दिवशी जुनी नळी गळायला लागलेली, दुकानं बंद, कॅन भरून तयार. तिनंच गोठ्यातल्या जुन्या, दूध काढायच्या मशीनची नळी उपसून सम्राटच्या हातात दिली होती. वर गल्लीभर सांगत फिरली होती की धोंडुबाईचं डोकं असलं की मिस्त्री लागत नाही. गप्प बसली असती तर कुणाला कळणार होतं? पण दिराचं बोट अजून सुनेवरच होतं.

"बोट खाली घ्या, भावजी. नळी मी घातली."

"तुमी?"

"मीच. दूध काढायच्या मशीनची हाय. दुधाला कवा दगा दिला न्हाय, मला वाटलं तेलालाबी टिकंल. चुकलं." शेवटचा शब्द तिनं दुसऱ्याला झापावं तसा खणखणीत म्हटला.

हंबीरराव खुलला. "म्हंजी चूक बाईचीच की!"

"ह्या बाईची. तिची न्हवं. आन् पैज तिच्यावर हुती."

कामिलनं तेलाची जाड नळी आणून नव्या क्लिपांनी आवळली, फेसाळलेलं तेल काढून नवं भरलं. पुढची चाकं जॅकवर उचलली आणि अनुजाला सांगितलं, "सावकाश ह्या टोकापासनं त्या टोकापतूर. टोकाला दाबून धरू नगा."

"मी कवाच धरत न्हाय," अनुजा म्हणाली. कामिलला नव्हे, हंबीररावाच्या तोंडाकडं बघून.

टाकीत बुडबुडे आले, कमी झाले, थांबले. गाडी पुन्हा तापवून आणली. आता चाक वळलं तरी नुसतं इंजिनच ऐकू येत होतं.

"पंप एकदम चांगला हाय," कामिल हात पुसत म्हणाला. "आनखी थोडं दिस असाच पळवला असता तर गेलाच असता."

संध्याकाळच्या दुधाची वेळ होत आली होती. हंबीरराव सवयीनं धोंडुबाईच्या बाजूचं दार उघडायला गेला.

"मागं, भावजी. रिकामं कॅन धरून बसा, वळणावर कलंडत्यात."

तो पुटपुटत मागं चढला. अनुजानं त्या एवढ्याशा गल्लीत गाडी मागंपुढं घेत फिरवली आणि हळूच विचारलं, "आत्ती, माझीच चूक निघाली असती तर?"

"तर चावी दिली असती," धोंडुबाई म्हणाली. "आन् दुसऱ्या दिवशी तुला दुसरी गाडी बघाया निघाली असती. म्होरं बघ, रिक्षा येतीया."