पाववाल्याची सायकल पुळणीवर

मित्रांनो, मला जवळून हुंगलंत तर अजून पावाचा वास येईल. निदान कुत्र्यांना तरी येतो. मी एक काळी, बावीस इंची, दांड्याची जुनी सायकल आहे. रेवदंडा आणि नागाव यांच्या मधल्या एका वाडीत, रावजींच्या पडवीत मी राहते. माझं वय चाळीसच्या आसपास असेल. नक्की आकडा सांगता येणार नाही, कारण माझ्या खरेदीचा कागद उंदरांनी खाल्ला.

मी कारखान्यातून सुट्या भागांत आले. अलिबागच्या बाजारात एका दुकानदाराने मला जोडलं. आधी मी नुसता नळ्यांचा आणि तारांचा ढीग होते. त्याने चाकं बसवली, साखळी घातली, पायडल हाताने फिरवलं, आणि मला प्रथमच कळलं की माझा एक भाग हलला की दुसरा हलतो. त्याचं मला फार नवल वाटलं. ते नवल अजून संपलेलं नाही.

रावजी तेव्हा तरुण होते. त्यांनी माझ्या कॅरिअरवर पत्र्याची मोठी पेटी बसवली. पहाटे भट्टीवर जायचं, पावाच्या गरम लाद्या पेटीत भरायच्या आणि वाडीवाडीतून विकत फिरायचं, हे आमचं काम. रावजी रबरी भोंगा दाबायचे. भोंगा ऐकला की बायका घमेलं, थाळी, जे हाताला लागेल ते घेऊन दारात यायच्या. "रावजी, काल पाव कडक होता हां," असं कुणी म्हटलं की रावजी म्हणायचे, "काल तुम्ही उशिरा उठलात, वहिनी. पाव येळेवर आला होता." अशी आमची तीस वर्षं गेली.

या तीस वर्षांत एक गोष्ट मला कधी उलगडली नाही. आम्ही ज्या रस्त्याने फिरायचो त्याच्या पश्चिमेला नारळांच्या वाड्या होत्या, आणि वाड्यांच्या पलीकडून सतत एक आवाज यायचा. मला वाटायचं, एखादा मोठा ट्रक येतोय. पण तो ट्रक कधीच पोचायचा नाही. माणसं त्याला समुद्र म्हणायची. मला तो बघायचा होता, पण रावजी मला त्या बाजूला कधी नेत नसत. खारा वारा लोखंड खातो असं ते म्हणायचे. त्यासाठी दर रविवारी ते मला खोबरेल तेल लावायचे. साखळीला तर इतकं, की ते खाली ठिबकायचं.

मग पाव टेम्पोतून येऊ लागले आणि रावजींचे गुडघे दुखू लागले. पेटी निघाली. मी पडवीत भिंतीला टेकले. माझ्यावर गोणपाट आलं, पण रविवारचं तेल चुकलं नाही. मित्रांनो, माझे हाल झाले असं मी म्हणणार नाही. लाडच झाले. फक्त मी कुठे जात नव्हते.

आता रचनाची गोष्ट सांगते. रचना म्हणजे रावजींची सून. तिचा नवरा सुजित ट्रकवर असतो, आठ आठ दिवस घरी येत नाही. रचना तांदळाच्या पिठाचे घावणे फार सुंदर करते, पातळ आणि जाळीदार. दहा वर्षं ते घरातच खाल्ले गेले. गेल्या वर्षी नागावला अल्पेश नावाच्या तरुणाने आपल्या घराशेजारी पाहुण्यांसाठी खोल्या बांधल्या आणि नाश्त्याला रचनाला ठेवलं. पहिल्याच आठवड्यात कुणी पाहुणी स्वयंपाकघरात डोकावून म्हणाली, "हे कुणी केलेत?" त्या दिवशी रचना घरी आली ती दारातूनच सासूला सांगत आली, "आई, मला विचारलं! कुणी केलेत म्हणून मला विचारलं!"

पण कामावर जायचं कसं, हा प्रश्न होता. सव्वासहाला चूल पेटवायची म्हणजे पावणेसहाला निघायला हवं. त्या वेळी मिळते ती सहा आसनी रिक्षा, आणि ती भरल्याशिवाय सुटत नाही. रचना आत बसून राहायची, ड्रायव्हर बाहेर चहा पीत राहायचा. तीनदा तिला उशीर झाला. मे महिना होता, खोल्या भरलेल्या होत्या. अल्पेश तिला म्हणाला, "ताई, तुमच्या हाताला नाव ठेवायला जागा नाही. पण पाहुणे उपाशी बसतात. आता एकदा जरी उशीर झाला, तरी मला दुसरी बाई बघावी लागेल."

त्या संध्याकाळी रचनाने माझ्यावरचं गोणपाट काढलं. तिने अंगठ्याने माझा टायर दाबून पाहिला आणि शेजारून पंप आणला. मी शाळेतल्या मुलीसारखी उत्सुक झाले.

दुसऱ्या दिवशी आम्ही रस्त्याने गेलो. सात किलोमीटरचा अरुंद रस्ता. एका वळणावर पाहुण्यांची मोठी गाडी गाणी लावून आली आणि तिने आम्हाला कडेच्या चरात घातलं. रचनाचं कोपर सोललं, माझा ब्रेक वाकला. वेळेत पोचलो, एवढंच. घरी आल्यावर ती पायरीवर बसली. सायकलने जावं की जाऊ नये, हे तिचं ठरत नव्हतं.

तेव्हा मनुबाई, म्हणजे तिच्या सासूबाई, सुपात तांदूळ घेऊन बाहेर आल्या. "पुळणीवरनं जा ना," त्या म्हणाल्या. पुळण म्हणजे समुद्रकाठची वाळू. "सरळ गेलीस तर निम्मी वाट. वली वाळू सडकेवानी घट्ट असते."

"आणि भरती असली तर?"

"तिथीची पाऊणपट करायची. तेवढ्या वाजता भरती. उद्या तेरस. तेराची पाऊणपट किती?"

रचनाने बोटं मोजली. "पावणेदहा."

"मग सहाला पाणी अजून खालीच असणार. तेरसेपासून तिजेपर्यंत सकाळची पुळण तुझी."

मित्रांनो, हा हिशेब ऐकून मी थक्क झाले. चंद्राची तारीख बघून पाण्याची वेळ कळते! मला तर माझी चाकं सोडून दुसरं काही मोजता येत नाही.

तेरसेला आम्ही पुळणीवर उतरलो. सुरूच्या झाडांतून बाहेर आलो आणि तो न पोचणारा ट्रक मला दिसला. तो पाण्याचा होता. पाणी येत होतं, परत जात होतं, पुन्हा येत होतं, जणू काही विसरलं होतं. वाळू खरंच सडकेसारखी घट्ट होती. वाटेत एक ओहोळ समुद्राला मिळतो. तिथे रचना उतरली आणि घोटाभर पाण्यातून तिने मला ढकलत नेलं. वीस मिनिटांत आम्ही नागावात होतो.

घरी रावजींनी माझ्या रिमवरची वाळू पाहिली.

"पुळणीवरनं नेलीस?"

"नेली, बाबा. वीस मिनिटांत पोचले."

"अगं, तीस वरसं हिला मी खाऱ्या वाऱ्याला दावली न्हाय. तू पाण्यात घातलीस!"

आतून मनुबाई ओरडल्या, "तुमची सायकल काय मिठाची हाय व्हय, विरघळायला?"

रावजी तेलाची वाटी घेऊन माझ्यापाशी बसले आणि त्यांनी रविवारच्या दुप्पट तेल साखळीला पाजलं. वाळूचे कण साखळीत तसेच होते. त्यांच्या बोटांत इतकी माया होती, की काही चुकतंय असं मलाही वाटलं नाही.

दुसऱ्या दिवशी चतुर्दशी. निम्म्या वाटेवर माझ्या पोटात करकर होऊ लागली. तेलाने वाळू धरून ठेवली होती आणि तिचा चिखल झाला होता. रचनाने जोर लावला. एक खाडकन आवाज झाला आणि साखळी दात्यांत अडकून बसली. मागचं चाक फिरेना. तिने बोटं घालून ओढलं, बोटं काळी झाली, पण साखळी हलली नाही. पाणी चढायला लागलं होतं. पुढे ओहोळ होता आणि त्यात समुद्र आत शिरत होता. तिने मला उचलून पाहिलं. दहा पावलं गेल्यावर ती थांबली. मी जड आहे, मित्रांनो. मला तेव्हा प्रथमच माझ्या वजनाची लाज वाटली.

फोनमध्ये वेळ बघून ती माझ्याशीच बोलली, "आता तुला उचलू, की कामावर जाऊ?"

मला बोलता आलं असतं तर मी जा म्हटलं असतं. तिने मला ओढत वर सुरूपर्यंत नेलं, ओढणीने एका खोडाला बांधलं आणि चपला हातात घेऊन ती धावत सुटली. ओहोळात ती गुडघ्यापर्यंत बुडालेली मला दिसली. पलीकडे चढली आणि दिसेनाशी झाली.

तो दिवस मी समुद्रासमोर काढला. खेकडे बिळातून निघायचे, माझ्या सावलीत यायचे आणि मी काहीच केलं नाही तरी घाबरून पळायचे. एक कुत्रा आला आणि माझं कॅरिअर बराच वेळ हुंगत बसला. मग पाहुणे आले. एका मुलीने माझ्या हँडलला आपली टोपी अडकवून फोटो काढला. "किसकी है?" तिने विचारलं. "छोड ना, अँटिक है," दुसरी म्हणाली. दहा वाजून गेल्यावर पाणी सुरूपर्यंत आलं. त्याने माझ्या पुढच्या चाकाखालची वाळू ओढून नेली, मी कलंडले, पण ओढणीने धरून ठेवलं. मला भीती वाटली का? वाटली. पण त्याहून जास्त मला हे बघायचं होतं, की पाणी कुठे थांबतं. ते माझ्या पायडलच्या चार बोटं खाली थांबलं. तिथेच का थांबलं, ते मला अजून कळलेलं नाही. ते वेळेत पोचलेल्या माणसासारखं जरा टेकलं आणि परत निघालं.

चारच्या सुमाराला नागावकडून रचना आली आणि वाडीकडून रावजी आले. रचनाने दुपारी घरी फोन केला होता. रावजी काठी टेकत, गुडघा धरत, वाळूतून चालत आले होते. त्यांच्या हातात रॉकेलची बाटली आणि जुनं धोतराचं फडकं होतं.

"पोचलीस का येळेत?" त्यांनी आधी हेच विचारलं.

"सहा वाजून चौदा मिनिटं झाली होती. अल्पेशभाऊ दारातच उभे होते. माझे ओले पाय बघून म्हणाले, ताई, सायकल कुठंय? मी म्हटलं, भरतीकडे राखायला दिलीय."

रावजी हसले नाहीत. ते माझ्यापाशी खाली बसले, गुडघा कुरकुरला. त्यांनी साखळीवरचा काळा चिखल बोटावर घेतला आणि चोळून पाहिला.

"माझंच तेल," ते म्हणाले. "सडकेवर चालतं. हितं न्हाय चालत. आणि वाळू न काढता वर वतलं मी."

"बाबा, तुम्ही काळजीनेच लावलंत."

"काळजीच केली. तू कुठं जातीस ते मात्र इचारलं न्हाय."

त्यांनी रॉकेलने साखळी एकेक कडी करून धुतली. फडक्याने कोरडी पुसली. साखळी सुटली, चाक फिरलं. मग रचना म्हणाली, "बाबा, मी ठरवलंय. पुळण मोकळी असेल तेव्हा मी पुळणीवरून जाणार. नसेल तेव्हा पाऊण तास आधी निघून रस्त्याने जाणार, आणि त्या वळणावर उतरून हिला हातात धरून नेणार. पण सायकलनेच जाणार."

"मग ही दोन वरसांत गंजून जाईल. सांगून ठेवतो."

"दोन वर्षं पाहुणे वेळेत नाश्ता करतील."

रावजींनी माझ्या दांड्यावर हात ठेवला. मी वाट बघत होते. मला वाटलं, ते नाही म्हणतील, कारण त्यांनी मला फार जपलं होतं.

"सीट खाली करून देतो," ते म्हणाले. "तुझे पाय पुरत न्हाईत. काल अंगणात तुझ्या पावलांचे ठसे बघितले मी. उतरताना उडी मारतीस."

या गोष्टीला आता दीड वर्ष झालं. रचनाला त्यानंतर एकदाही उशीर झालेला नाही. अल्पेशच्या स्वयंपाकघरात आता तिथीची दिनदर्शिका टांगलेली आहे. माझा मागचा मडगार्ड गळून पडला. दांड्याला तांबूस पापुद्रे आले आहेत. रावजींचं म्हणणं खरं होतंय. तरी रोज पहाटे मला हाच प्रश्न पडतो, की आज ओहोळात किती पाणी असेल आणि रात्रीत वाळूवर काय येऊन पडलं असेल.

मित्रांनो, तुमच्या पडवीत माझ्यासारखी कुणी उभी असेल, तर गोणपाट काढा. तेलाची वाटी आणण्याआधी घरातल्या माणसांना विचारा, कुणाला कुठे जायचंय. मग तिला त्या वाटेला लागेल तसं तयार करा. आणि खाऱ्या वाटेवरून आणलीत, तर आत नेण्याआधी दोन तांबे गोडं पाणी ओता, चाकांच्या तारांमध्येही ओता, आणि कोरड्या फडक्याने पुसा. एवढं पुरतं. उद्या पुन्हा निघायचं असतं.