बिनब्रेकची सवत

मी ट्रॅकवरची सायकल बोलतेय. मला ब्रेक नाहीत, आणि स्वभावही तसाच आहे. चाक फिरतंय तोवर पायडल फिरणार, आणि पायडल फिरतंय तोवर तुम्ही पाय फिरवायचे. मध्येच थांबलात तर उचलून आपटते. आधीच सांगितलेलं बरं.

कार्बनचे धागे भट्टीत भाजून मला जन्माला घातलं आणि एका दणकट मांड्यांच्या पोरीच्या हवाली केलं. तिला सगळे भिंगरी म्हणत. उन्हाळ्यात ती माझी, हिवाळ्यात बर्फाची. तिच्या पिशवीत स्केट्सची लांब पात्यांची जोडी असायची. माझी सवतच ती! तिच्याकडे सगळे लाड. तिच्यावर शर्यतीची रेघ ओलांडली की कंबर सरळ करायची, पाय थांबवायचे आणि आयतं घसरत जायचं.

भिंगरीला शिकवायला तिचा सख्खा मामा होता. शिकवणं कमी, थपडा जास्त. ट्रॅकवरच्या एका फायनलच्या आधी त्याने तिची मान पकडून भिंतीला टेकवली.

"कालपर्यंत बर्फावर होतीस ना? दोन्ही डगरींवर हात! आज हरलीस तर ती पाती भंगारात घालीन."

"आणि जिंकले तर?"

"तर तोंड बंद ठेवीन."

शेवटच्या फेरीत शेजारच्या सायकलवरच्या शेजारणीने तिच्या बरगडीत कोपर मारलं. भिंगरीने खांद्याने तिला ट्रॅकच्या चढाकडे लोटलं आणि दात-ओठ खात मला रेटलं. चाकभर अंतराने आम्ही जिंकलो. मी खूश झाले, तोच तिने कंबर सरळ केली. आणि पाय थांबवले.

बर्फाची सवय, दुसरं काय! मी तिला भिरकावलं. खांद्याजवळचं हाड काडकन मोडलं. मागून येणारी शेजारीण तिच्या पाठीवरून गेली आणि ट्रॅकच्या लाकडाची वीतभर ढलपी भिंगरीच्या मांडीत घुसली. माझी मान तडकली.

मामा धावत आला, पण तिच्याकडे नाही. तिच्या पिशवीतून त्याने स्केट्स ओढून काढले आणि लोखंडी कठड्यावर आपटायला लागला. "ह्यांनीच घात केला! ह्यांनीच!"

भिंगरी रक्ताचा पट्टा ओढत सरपटत गेली आणि उघड्या हातानेच तिने पातं मुठीत धरलं. मामाने हिसका दिला. तिची चारही बोटं चिरली, पण मूठ सुटली नाही.

"जिंकलेय मी, मामा. तोंड बंद ठेव."

आपल्या हातावर कुणाचं रक्त सांडतंय ते तेव्हा कुठे त्याला दिसलं. त्याने स्केट्स सोडून दिले. तिने ती पाती छातीशी धरली. मी दोन हात अंतरावर मोडून पडले होते, पण माझ्याकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नाही. जिवाची नुसती आग झाली.

आता मी शेडमध्ये खुंटीला टांगलेली आहे. परवा भिंगरी आली. माझ्या तडकलेल्या मानेवरून तिने चिरांचे वण असलेली बोटं फिरवली.

"अगं, बर्फावर जिंकले. पण रेघ ओलांडल्यावर पाय थांबेचनात. भीतीच बसलीय. सगळे हसले मला."

मला इतका आनंद झाला की विचारू नका. सवतीच्या घरात माझी आठवण!

पण तिच्यासोबत एक नवी सायकल होती. काळी, तुकतुकीत, बिनब्रेकची. नव्या सवतीबाई, तुझ्याकडे एकच मागते. कधी हिचे पाय चुकून थांबलेच, तर तेवढी एक वेळ सांभाळून घे.

नाही जमणार तुला. मला तरी कुठे जमलं?